बसणारा फवारा

माझ्या वहिनी नोझल काढायच्या. म्हणजे फवाऱ्याचं तोंड. घरात वापरतात ते डबे असतात ना, केसांना मारायचा, झुरळांना मारायचा, कपाटाला चमक आणायचा, त्यावरचं बटण आपण दाबतो. बटणाच्या पोटात मोहरीएवढी एक टोपी बसवलेली असते. टोपीच्या आत बारीक खाचा आणि मधोमध एक भोक. द्रव खाचांमधून गरगरत येतो आणि भोकातून बाहेर पडताना फुटतो. सगळी करामत त्या टोपीत. तिचं ड्रॉइंग काढायचं काम वहिनींचं. तिचा साचा ज्या पोलादी पिनेवर बेततात ती पिन घडवायचं काम माझं. मी त्याच कारखान्याच्या टूलरूममध्ये होतो, साचे घडवतात तिथे. आता घरी असतो.

वहिनींबद्दल लिहा असं माझी बायको बरेच दिवस म्हणते आहे. मी टाळत होतो. त्यात एक गोष्ट अशी आहे की ती मी पाहिली, पण मला पटलेली नाही. वहिनींना एक नोझल पुरं करायचं होतं, आणि ते पुरं झालं की त्यांचं माणूस दुसऱ्यांदा जाणार होतं. मला हे उशिरा कळलं. वाचणाऱ्याला आधीच सांगून ठेवतो. कोड्यात बोलणं मला जमत नाही.

त्यांचं माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ. दादा.

दादा फवारणीच्या खोलीत होता. ही खोली कारखान्याच्या मागच्या अंगाला. खिडकी नाही. एक भिंत काळी रंगवलेली, बाजूला एक दिवा, खाली सिमेंट. दिव्याचा उजेड भिंतीवर पडायचा नाही, भिंतीपुढच्या हवेवर पडायचा. दादा त्या भिंतीपुढे उभा राहून डबा हातभर लांब धरायचा आणि दाबायचा. उजेडात फवारा कसा फुटतो, कुठे जातो, किती वेळ राहतो ते बघायचं. मोजणारी यंत्रं शेजारच्या खोलीत होती, पण आधी डोळ्याने बघायची पद्धत होती. आणि एक डबा उघडला की तो रिकामा होईपर्यंत दाबायचा. अर्धा डबा सोडायचा नाही. सुरुवातीला सगळेच डबे चांगले वागतात, शेवटी कसे वागतात ते बघायचं असतं.

वहिनी नव्या लागल्या तेव्हा त्यांचं पहिलं नोझल दादाने दाबलं आणि म्हणाला, "बाई, हे फवारत नाही, थुंकतंय."

वहिनी ड्रॉइंग घेऊन परत गेल्या. दुसरं आणलं.

"आता शिंकतंय. सुधारणा आहे."

तिसऱ्या खेपेला वहिनी म्हणाल्या, "तुमच्या तोंडाला कुणी चांगलं नोझल बसवलं नाही का अजून?"

दादा घरी येऊन आईला म्हणाला, एक मुलगी आहे, फार बोलते. आईने ओळखलं. त्याच वर्षी लग्न झालं.

दादा कायम एकाच जागी उभा राहायचा. दिवा तिथेच नीट पडायचा. वर्षानुवर्षं उभं राहून सिमेंटवर त्याच्या टाचांचे दोन खळगे पडले होते. मास्क होता. खिळ्याला टांगलेला. मास्क लावून वास कळत नाही म्हणायचा, आणि वास कळला नाही तर डबा गळतोय हे कसं कळणार? खोकला होता. आधी दोन तोकडे, मग एक लांब, आणि शेवटी घशातल्या घशात हुंकार. मी म्हटलं, दाखव कुणाला तरी. तो म्हणाला, "अरे, हा खोलीचा खोकला आहे. घरी गेलं की जातो."

पुढे तो घरीही जाईनासा झाला. म्हणजे खोकला. आणि मग दादा कामावर जाईनासा झाला. डॉक्टरने फोटो काढले, छातीकडे बराच वेळ बघितलं, कशाचंच नाव घेतलं नाही. शेवटच्या दिवसांत दादाला अंगाच्या साबणाचाही वास सहन होत नव्हता. वहिनींनी घरातले सगळे डबे बाहेर काढले, साबणसुद्धा बिनवासाचा आणला. पलंगाशेजारी बसून त्या ड्रॉइंग काढायच्या. दादा बघायचा. बोलायला दम पुरत नव्हता, म्हणून बोटानेच दाखवायचा, ही खाच कमी, ते भोक मोठं. गेला तेव्हा वहिनींच्या मांडीवर कागद होता.

त्या कागदावरून वहिनी उठल्या त्या एकच गोष्ट धरून. फवारा बसला पाहिजे.

हे नीट सांगतो. जुन्या डब्यात जळणारा गॅस भरलेला असतो. बटण दाबलं की तो उसळतो आणि द्रवाचं धुकं करतो. छान दिसतं. पण तो गॅस आणि त्याच्याबरोबरची औषधं खिडकीतून बाहेर जातात आणि उन्हात शिजून शहराच्या धुरात भर घालतात. एका घरातून थोडीच जातात, पण घरं किती! जे बाहेर जात नाही ते तरंगतं आणि घरातल्याच माणसाच्या छातीत उतरतं. कपाटावर बसतं ते थोडंच. वहिनींना गॅस काढून टाकायचा होता. डब्यात साधी दाबलेली हवा आणि पाण्यातलं औषध. फोडायचं सगळं काम नोझलने करायचं. आणि थेंब इतकाही बारीक करायचा नाही की तो तरंगेल. निघाला की सरळ जाऊन बसला पाहिजे. बोलायला सोपं. हवा डब्यात कमी कमी होत जाते, दाब उतरतो, आणि शेवटच्या भागात नोझल पुन्हा थुंकायला लागतं. तिथे भलेभले हात टेकतात.

साहेब वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "बाई, गिऱ्हाईक बटण दाबतं आणि हवेत बघतं. तरंगताना दिसलं की त्याला वाटतं काम झालं. तुमचा फवारा दिसणारच नाही. लोक म्हणतील, रिकामा डबा दिला."

"कपाटाला मारायचं ते कपाटावर बसलं पाहिजे साहेब. छातीत कशाला?"

"मला पटतं हो. पण मला विकायचंही असतं." मग म्हणाले, "काढा. मोठा साचा कापायला घेऊ तेव्हा जे ड्रॉइंग माझ्या टेबलावर असेल ते जाईल. तरंगणारं असो की बसणारं. एकदा कापला की मागे फिरता येणार नाही, एवढं लक्षात ठेवा."

ड्रॉइंग माझ्याकडे आलं. पाहूनच कळलं की हात दुखणार. खाचा सरळ नव्हत्या, आत जाताना निमुळत्या होत होत्या, आणि तळाशी गुळगुळीत पाहिजे होत्या, आरशासारख्या. अशी खाच यंत्र कापतं, पण चमक हाताने आणावी लागते. लाकडाची काडी टोकदार करायची, तिला हिऱ्याची पेस्ट लावायची, भिंगाखाली पिन धरायची आणि श्वास रोखून एकाच दिशेने घासायचं. उलट घासलं की ओरखडा. काडी झिजली की नवी. एक पिन हातात मोडली. एक तिरकी झाली. मग त्या पहिल्या ड्रॉइंगची पिन मनासारखी उतरली. एवढ्या कामात मी इकडेतिकडे बघितलं नाही, बायकोने दोनदा विचारलं, "अहो, घरी राहता ना तुम्ही?"

त्या पिनेचं नोझल फवारणीच्या खोलीत नेलं. दादाच्या जागी आता मावशी होत्या. कुणाच्या मावशी ते कुणालाच माहीत नव्हतं, सगळा कारखाना मावशी म्हणायचा. दोन मुलं मार्गी लावलेली, तोंड सतत चालू. एक गोष्ट मात्र त्या पाळायच्या. दादाच्या खळग्यांवर उभ्या राहायच्या नाहीत. एक पाऊल डावीकडे. दिवा तिथे नीट पडत नाही म्हटलं, तर म्हणायच्या, "नाही पडला तर नाही. खळग्यांवर जागा नाही."

मावशींनी दाबलं. "ह्यात काही आहे का? की हवाच भरलीत?"

काळा कागद पुढे धरला. कागदावर भरलेला गोल उमटला, मधे पोकळ नाही, कडेला शिंतोडे नाहीत. आणि हवा स्वच्छ. मावशींनी डबा संपेपर्यंत दाबला. शेवटचा फवारा पहिल्यासारखाच.

"वा! आज पहिल्यांदा तोंडाला चव नाही," मावशी म्हणाल्या. "नाही तर माझ्या पोटात इतका सुगंध गेलाय, मेल्यावर वासाने कुणाला पत्ता लागायचा नाही."

मी वहिनींकडे बघितलं. वाटलं, आता रडतील किंवा हसतील. त्या कागदाकडे बघतच नव्हत्या. भिंतीपुढच्या रिकाम्या हवेकडे बघत होत्या. म्हणाल्या, "बघू." आणि निघून गेल्या.

थोड्या दिवसांनी दुसरं ड्रॉइंग आलं. खाच जरा खोल, भोक जरा लहान. मी पिन केली. मग तिसरं. मी तीही केली. बोटांना चिरा पडल्या होत्या. चौथं आलं, त्याचीही पिन झाली, तेव्हा मी सगळी ड्रॉइंग एकावर एक ठेवून उजेडासमोर धरली. दर वेळी भोक बारीक होत होतं, खाच उभी होत होती. बसणारा फवारा पायरी पायरीने तरंगणारा होत चालला होता. हे चुकून होत नाही. चुकणारा माणूस इकडे चुकतो, तिकडे चुकतो. एकाच दिशेने कुणी चुकत नाही.

माझं डोकं फिरलं. ड्रॉइंग घेऊन वर गेलो.

"वहिनी, ही माझ्या हातांची चेष्टा आहे का?"

"भावजी, बसा."

"नाही बसत. पहिली पिन बरोबर होती. तुम्हालाही माहीत होतं. मग मला का घासायला लावताय? तुम्हाला नको असेल तर नको म्हणा. माझी मेहनत अशी उलटी फिरवू नका."

वहिनी टेबलावरची पट्टी इकडून तिकडे करत राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी या. यंत्रं सुरू व्हायच्या आधी. हवा हलत नाही तेव्हा. ह्या शेवटच्या पिनेचं नोझल घेऊन या."

सकाळी गेलो. कारखाना गार होता. वहिनींनी दार लावलं, दिवा लावला, स्वतः डबा हातात घेतला आणि बाजूला उभं राहून खोलीच्या मधे दाबायला लागल्या. धुकं झालं. चांगलंच तरंगत होतं. उजेडात सावकाश फिरत होतं, पसरत होतं, भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

एक जागा सोडून.

दादाच्या खळग्यांवर धुकं जात नव्हतं. आधी मला वाटलं, पसरायचं राहिलंय. मग ते पसरत जाऊन त्या जागेच्या दोन्ही अंगांनी पुढे सरकलं आणि मागे मिळालं. पाण्यात उभ्या माणसाच्या दोन्ही बाजूंनी पाणी जातं तसं. मधे काळं राहिलं. खांदे होते. एक खांदा जरा खाली, डबा धरून धरून दादाचा झाला होता तसा. मान होती. तोंड नव्हतं. तोंडाच्या जागी भिंत दिसत होती.

मी हाक मारली नाही. मारायला हवी होती असं नंतर वाटलं.

वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "हे येतात. हवेत धुकं असलं की येतात. खाली बसलं की जातात."

हळूहळू धुकं विरलं. त्याबरोबर तेही गेलं.

"पहिल्या पिनेला हवा स्वच्छ राहिली," वहिनी म्हणाल्या. "मावशी खूश झाल्या. मी समोर बघितलं तर कुणीच नाही. भावजी, ज्यांच्यासाठी काढलं त्यांनाच मी बाहेर काढणार."

मला हातांचं काम येतं. मी त्याच दिवशी खोली तपासली. दाराच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या. हवा जायच्या जाळीवर पुठ्ठा ठोकला. त्या जागेवर दोरा लोंबता ठेवला आणि दोऱ्याला कापसाचा बोळा. वारा असेल तर हलेल. बराच वेळ बसलो. बोळा हलला नाही. जमिनीला हात लावला, खालून ऊब येते का पाहिलं. गार होती. खळग्यात बोट घातलं. तेही गार. सगळं करून झाल्यावर पुन्हा धुकं सोडलं. पुन्हा तसंच.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. चिरायची थांबली नाही.

"मग ताईंनी काय करावं असं तुमचं म्हणणं?"

"मला काय माहीत?"

"तुम्हाला बघायला आवडलं की नाही दादांना?"

मी चिरलेली भाजी ताटात गोळा करायला लागलो. ती म्हणाली, "बघा. तुम्ही एकदाच बघितलंत तर ही दशा. त्या रोज बघतात."

साचा कापायचा दिवस जवळ आला. साहेब स्वतःहून विचारायला लागले. वहिनींनी शेवटचं ड्रॉइंग, तरंगणारं, गुंडाळून तयार ठेवलं. फक्त त्या पिनेचा डबा शेवटपर्यंत दाबून बघायचा राहिला होता. मावशी उभ्या राहिल्या, नेहमीसारख्या एक पाऊल डावीकडे. मी दाराशी. वहिनी दिव्याजवळ.

मावशी दाबत गेल्या. फुस्स, थांब, फुस्स, थांब. धुकं दाट होत गेलं, इतकं की मावशी दिसेनाशा झाल्या. त्यांच्या शेजारी ती काळी जागा उभी राहिली. खांदा खाली. वहिनी बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला लिहिता येणार नाही. दादा घरी यायच्या वेळी असायचं ते.

आणि आतून खोकला आला. आधी दोन तोकडे. मग एक लांब. शेवटी घशातल्या घशात हुंकार.

वहिनी एक पाऊल पुढे गेल्या आणि म्हणाल्या, "अहो?"

"अहो कुणाला म्हणता बाई?" धुक्यातून मावशींचा आवाज आला. "मीच आहे." त्या हसायला गेल्या आणि हसण्याचा पुन्हा खोकला झाला. तोच. दोन तोकडे, एक लांब.

वहिनींनी जाऊन त्यांच्या हातातला डबा काढून घेतला. "कधीपासून आहे हा?"

"खोकला? हा काय, खोलीचा आहे. घरी गेलं की जातो. सुट्टीच्या दिवशी तर मला त्याची आठवण येते."

डबा अर्धा भरलेला होता. वहिनींनी तो तसाच खाली ठेवला. त्या खोलीत अर्धा डबा सोडलेला मी तेव्हाच पाहिला. मग खिळ्यावरचा मास्क काढला, त्यावरची धूळ पदराने पुसली, मावशींच्या हातात दिला आणि दार सताड उघडलं. धुकं बाहेर जाताना त्या काळ्या जागेकडे त्यांनी बघितलं नाही. मी बघितलं. ती जागा सगळ्यांत शेवटी मिटली.

बाहेर आल्यावर वहिनींनी मला विचारलं, "पहिली पिन टाकून दिलीत का?"

"माझ्या हातची पिन मी टाकत नाही. तेलात आहे."

"काढा."

साहेब आले तेव्हा पहिल्याच पिनेचं नोझल बसवलेलं होतं. मावशींनी मास्क लावला होता आणि मास्कच्या आतूनही बोलत होत्या. त्यांनी दाबलं. काळ्या कागदावर भरलेला गोल. हवा स्वच्छ. साहेब वाकून उजेडात बघत होते. वहिनी सरळ उभ्या, नजर खळग्यांवर.

"परत," वहिनी म्हणाल्या.

मावशींनी दाबलं.

"परत."

डबा रिकामा होईपर्यंत त्या परत परत म्हणत राहिल्या. कितीदा ते मी मोजलं नाही. प्रत्येक वेळी त्या तिथेच बघायच्या. काळी भिंत अख्खी दिसत होती, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, मधे काही नाही. शेवटी नुसती हवा फुसफुसली आणि थांबली.

साहेब म्हणाले, "बाई, काही दिसत नाही हो."

"नाही," वहिनी म्हणाल्या. "काही दिसत नाही. म्हणजे पास."

ड्रॉइंग त्यांनी स्वतःच्या हाताने साहेबांना दिलं. मग मावशींकडे वळून म्हणाल्या, "उद्यापासून एक पाऊल उजवीकडे उभ्या राहा. दिवा तिथे नीट पडतो."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्या सरकल्या, आणि जपून, एखाद्याच्या चपला घालाव्या तसे, दोन्ही पाय खळग्यांत ठेवले.

साहेबांची भीती अगदीच खोटी नव्हती. पहिलं वर्ष डबे दुकानांत पडून राहिले, लोक रिकामे समजून परत करायचे. पुढे लोकांच्या डोक्यात ते बसलं. आता बऱ्याच घरांत कपाटाला मारतात तो फवारा दिसत नाही. मावशींचा खोकला हळूहळू कमी झाला, पुरता गेला नाही. वहिनींनी त्यानंतरही नोझल काढली, केसांच्या डब्याचं, झुरळांच्या डब्याचं, सगळी बसणारी. ड्रॉइंग नेऊन देत, पण फवारणीच्या खोलीत पाऊल टाकत नसत. निकाल मी वर जाऊन सांगायचो.

आता वहिनी आपल्या मुलीकडे राहतात. अधूनमधून आमच्याकडे येतात. माझ्या खोलीतल्या फळीवर पत्र्याची डबी आहे. त्यात गंजू नये म्हणून तेलात ठेवलेली ती शेवटची पिन आहे, तरंगणारी. तीही माझ्याच हातची. तेवढंच घासून, तेवढाच श्वास रोखून केलेली. डबीत काय आहे ते वहिनींना माहीत आहे. त्या खुर्चीत बसतात, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात, बायकोकडे मुलीच्या तक्रारी करतात. फळीकडे पाठ करून बसतात.

निघताना दारात चपला घालताना, वर न बघता विचारतात.

"भावजी, तेल बदलता ना?"

"बदलतो," मी म्हणतो.